सप्रेकाकांची परवानगी

संबोधीने 'ब्रांच' नावाचं जुनं खातं बंद केलं आणि चहाचा कप उचलला, तोच टेबलावरचा फोन वाजला.

"बेटा, ते चालत नाहीये. अचानक काय झालं?"

आवाज सप्रेकाकांचा होता. संबोधीने मान वळवून हिशेबाच्या खोलीकडे पाहिलं. काकांची खुर्ची रिकामी होती. जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला होता. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, की काका बँकेत गेलेत.

"काय चालत नाहीये, काका?"

 काका घाईने म्हणाले, "काही नाही, काही नाही. राहू दे. येतोच मी," आणि फोन ठेवला.

सियागंजातल्या एका गजबजलेल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर हे ऑफिस होतं. बेअरिंग, पट्टे आणि मशीनचे सुटे भाग विकणारी पेढी. एके काळी इंदूरच्या कापड गिरण्या हे तिचं मुख्य गिऱ्हाईक. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तशी पेढीने पीथमपूरच्या नव्या कारखान्यांकडे तोंड फिरवलं. देवास, रतलाम, पीथमपूर अशा शाखा निघाल्या. शाखांमधली माणसं इंटरनेटवरून ऑफिसच्या सर्व्हरवर येऊन काम करत. त्यासाठी व्हीपीएन होतं. म्हणजे उघड्या इंटरनेटमधूनच काढलेली, बाहेरच्याला न दिसणारी खासगी वाट. पण त्या वाटेच्या दाराशी सगळ्यांना मिळून एकच नाव, 'ब्रांच', आणि एकच पासवर्ड होता. नोकरी सोडून गेलेला माणूससुद्धा तो डोक्यात घेऊन जायचा.

पुण्याहून आलेल्या समीरसरांनी, नव्या मॅनेजरांनी, हे पाहून कपाळाला हात लावला होता. "संबोधी, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने यायला हवं. सर्व्हरवर सगळ्या स्टाफची डिरेक्टरी आहेच ना? मग व्हीपीएनने तिलाच विचारू दे, हा माणूस आपला आहे का, आणि याला बाहेरून यायची परवानगी आहे का."

संबोधीला हे काम मनापासून आवडलं होतं. डिरेक्टरीत तिने एक गट बनवला: बाहेरून येणारे. त्या गटात ज्याचं नाव, त्यालाच वाट मोकळी. व्हीपीएन आणि डिरेक्टरी यांची ओळख घालून देताना चार दिवस काही केल्या जमेना. एक दुसऱ्याला ओळखच दाखवेना. शेवटी जमलं. तिने स्वतःच्या नावाने मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला, नकार आला. बरोबर टाकला, दार उघडलं. ती एकटीच हसली होती. शुक्रवारी जुनं खातं कायमचं बंद व्हायचं होतं. आज तिने ते थोडा वेळ बंद करून पाहिलं, ते कोण अजून वापरतंय हे कळावं म्हणून.

ते आता कळलं होतं.

काका आले ते घामाघूम होऊन. सरळ तिच्या टेबलाशी आले, इकडेतिकडे पाहून स्टूल ओढलं.

"छत्रीबागेतून, घरातून काम करतो मी दुपारी," ते हळूच म्हणाले. "काकूला लकवा झाल्यापासून. द्वारकाबाई सकाळची येते, बाराला निघून जाते. शाम को शेजारची पोरगी येते. मधली दोपहरी कोणी नाही. मग मी घरी बसून एंट्र्या करतो आणि चारला परत येतो. काम कधी राहिलंय का माझं? सांग."

राहिलं नव्हतं. उलट संध्याकाळी सगळ्यात आधी काकांचाच हिशेब जुळलेला असायचा.

"कोणाला माहीत आहे?"

"नंदूला. तो सांभाळून घेतो." नंदू हा काकांच्या हाताखालचा. "तू आता फक्त एवढं कर. त्या नव्या गटात चुपचाप माझं नाव टाकून दे. तुझ्याच हातात आहे ना?"

हातात होतंच. एक नाव निवडायचं, एक बटण दाबायचं. पण यापुढे काका रोज दुपारी स्वतःच्या नावाने येणार होते, आणि सर्व्हर ते रोज लिहून ठेवणार होता.

"काका, चोरून टाकलं तर महिन्याभरात दिसेल. मग तुमची पण नोकरी जाईल आणि माझी पण. तुम्ही सरांना सांगा ना. मी येते तुमच्याबरोबर."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू पण दार लावणाऱ्यांतलीच झालीस," असं म्हणून ते उठले.

ते वाक्य तिला फार लागलं. काकांना ठाऊक नव्हतं, की ते पूर्वी ज्या मिलमध्ये होते, तिथेच तिचे वडीलही होते. काका हिशेब खात्यात आणि शंकरराव इंगळे विणाईत. दोघांची येण्याजाण्याची फाटकंही वेगळी. मिल बंद पडली त्या सकाळी शंकरराव पहिल्या पाळीला गेले, तर फाटकाला कुलूप. आदल्या दिवशी त्यांचा चष्मा आतल्या कपाटात राहिला होता. फाटकावरचा चौकीदार रोज त्यांच्याकडून तंबाखू मागून घेणारा. तो म्हणाला, "शंकरभैया, हुकूम नहीं है." शंकरराव महूच्या पलटणीतल्या शिपायाचा मुलगा, त्यांनी कधी कुणाशी हुज्जत घातली नाही. बाबा तसेच घरी आले आणि पुढे कितीतरी दिवस वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत राहिले. नवा चष्मा आईने करवला. संबोधी तेव्हा दहावीत होती. बाबांना राग मिलच्या मालकाचा आला नव्हता. चौकीदाराचा आला होता.

दुसऱ्या दिवशी तिने समीरसरांना आडून विचारलं, "सर, घरी अडचण असलेल्या कोणाला बाहेरून यायचं झालं तर?"

"कोणाला?"

"नाही, असंच."

"नाव असेल तर सांग, विचार करू," सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "असंच म्हणून मी परवानगी देत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि काकांचं नाव घ्यायचा हक्क तिला नव्हता. शुक्रवारी तिने जुनं खातं बंद केलं. शनिवारी काका आलेच नाहीत.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती कृष्णपुऱ्याच्या पुलावरून छत्रीबागेत गेली. काकांनी दार उघडलं, काही न बोलता बाजूला झाले. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पलंग, आणि पलंगापासून हात पोचेल एवढ्या अंतरावर शिलाई मशीनच्या टेबलावर कॉम्प्युटर. मशीन काढून भिंतीशी ठेवलेलं होतं. मनोरमाकाकू उशांना टेकून बसल्या होत्या. तोंडाची डावी बाजू ओढली गेली होती. शब्द एकेक करून, ओठांतून ढकलल्यासारखे येत होते.

"हीच का... कॉम्प्युटरवाली? बस." मग तिचा हात चांगल्या हाताने धरून म्हणाल्या, "तुमचे साहेब... फार भले आहेत. यांना घरी... बसू देतात. मी रोज... त्यांचं नाव घेते. दिवा लावताना."

संबोधीने काकांकडे पाहिलं. काका कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होते. तिथे धूळ नव्हती.

"हो काकू," ती म्हणाली.

काका तिला जिन्यापर्यंत सोडायला आले. खाली गल्लीत भाजीवाल्याची हाक चालली होती. कठड्याला धरून ते थांबले.

"तिला वाटतं, मी सगळं विचारून केलंय," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तसं सांगितलं, मग सांगतच राहिलो. सोमवारी बोलतो साहेबांशी. तू पण चल. तुमच्या त्या गोष्टींची नावं मला येत नाहीत."

सोमवारी समीरसरांच्या केबिनमध्ये काकांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, नंदूचं नाव मात्र घेतलं नाही. सर ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष झालं असेल."

"आणि आम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं साहेब. रोज वाटायचं." काकांचा आवाज बारीक झाला. "मिल सुटली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली. दोन वर्षं ह्या सियागंजात दुकान-दुकान फिरलो, प्रत्येकाला विचारलं. सगळे नाही म्हणाले. तेव्हापासून विचारायचीच भीती बसली. मतलब, तुम्ही नाही म्हणाला असता, तर काय करणार होतो मी? तिला टाकून येणार होतो की नोकरी सोडणार होतो? न विचारलेलं बरं होतं."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बसा आधी," ते म्हणाले. मग संबोधीकडे वळून, "तू त्या दिवशी 'असंच' म्हणालीस, ते हेच ना?"

"हो सर."

ते उठून आत पेढीच्या मालकांकडे, सेठजींकडे गेले. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. निर्णय झाला तो असा: सप्रेकाकांनी दुपारनंतर घरून काम करावं, उघडपणे. पण मुख्य हिशेबनीस दिवसभर ऑफिसात हवा. काकांची ती जागा नंदूला. सरांनी हे सांगताना टेबलावरचा पेपरवेट दोनदा सरळ केला. "मी प्रयत्न केला, पण यापुढे गाडी सरकली नाही," ते म्हणाले.

"खूप झालं साहेब," काका म्हणाले.

नंदू रडवेला होऊन आला. "काका, मी मागितली नव्हती हो जागा. सेठजींनी एकदम..."

"अरे बस ना भिया. फक्त घरून गादी घेऊन ये. खुर्ची फार कडक आहे ती."

त्याच दुपारी संबोधीने काकांचं नाव गटात टाकलं. थोड्या वेळाने फोन वाजला.

"आलो ग आत," काका म्हणाले. मागून मनोरमाकाकूंचा काहीतरी विचारण्याचा आवाज येत होता, आणि काका त्यांना सांगत होते, "हो, हो, तिलाच सांगतोय."

तो पावसाळा गेला, दिवाळी गेली. थंडी पडायला लागली आणि एका पहाटे मनोरमाकाकू झोपेतच गेल्या. ऑफिसातले सगळे काकांकडे गेले होते, सेठजीसुद्धा. समीरसर काकांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बसले.

दिवसकार्य आटोपल्यावर काका ऑफिसात आले ते थेट संबोधीच्या टेबलाशी.

"बेटा, माझं नाव काढून टाक त्या गटातून."

"राहू द्या ना काका. कोणाला काय त्रास आहे? थंडीत उगाच यायचं-जायचं. मी सरांना विचारून ठेवते."

"नको. घरी काम होत नाही आता." काकांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "दोपहरी तिची कूस बदलावी लागायची. आता पण त्या वेळेला उठतो मी. पलंगापाशी जातो, आणि मग आठवतं."

संबोधीने गट उघडला. नाव काढताना मशीनने नेहमीप्रमाणे विचारलं, नक्की काढायचं का. तिने काकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

हिशेबाच्या खोलीत नंदूने उठून स्वतःची खुर्ची पुढे केली, पण काकांनी ती घेतली नाही. त्यांनी दाराजवळच्या रिकाम्या टेबलावर आपला डबा ठेवला, कॉम्प्युटर चालू केला आणि स्वतःच्या नावाने काम सुरू केलं. सकाळभर त्यांनी मान वर केली नाही.

जेवणानंतर संबोधी प्रिंटरमध्ये कागद घालायला त्या खोलीत गेली. काका एकाएकी खुर्चीवरून उठले. एक पाऊल पुढे टाकून तिथेच उभे राहिले. नंदूने डोकं खाली घालून आकडे मोजायला सुरुवात केली. संबोधी कागदाचा गठ्ठा हातात धरून थांबली.

मग काकांनी हात मागे नेऊन खुर्ची चाचपली, आणि सावकाश खाली बसले.