तपासणीच्या खोलीतलं डुगडुगतं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं, डुगडुगतं स्टूल आहे. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत, टेबलाच्या डाव्या अंगाला माझी जागा. सुताराला कसली घाई होती कोण जाणे, त्यानं माझा एक पाय आखूड कापला. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. तो सुतारही मोठा वल्ली, त्याची बायको तर... पण ते जाऊ द्या, माझीच गाडी घसरायला लागली.

ही खोड मला पेशंटांकडून लागली. माणूस यायचा खोकल्यासाठी आणि सांगत बसायचा शेजारणीच्या नळाचं. म्हातारे डॉक्टर मन लावून ऐकायचे. "बोलू द्या हो, बोलता बोलता दुखणं आपसूक बाहेर येतं," असं कंपाउंडरबाईंना सांगायचे. ते थकले, तशी त्यांची डॉक्टर झालेली लेक खुर्चीत बसली. पोरगी हुशार, पण सदा घोड्यावर स्वार! बाहेर गर्दी हीऽ! "विषयांतर नको, पाल्हाळ नको, फाटे फोडू नका, मुद्द्यावर या." पेशंट पटकन दुखणं सांगून उठू लागले. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

परवा म्हातारे डॉक्टर स्वतःच पेशंट होऊन माझ्यावर बसले. गुडघा दुखतो म्हणाले आणि लगेच बागेतल्या बाकावर गेले, तिथून जुन्या छत्रीवर, छत्रीवरून कुठल्याशा मांजरावर. हातांनी मात्र माझी कड घट्ट धरलेली. त्यांची थरथर माझ्या पायांत उतरली. अहो, हे दुखणं गुडघ्याचं नव्हे! माझे पाय जीव तोडून डुगडुगू लागले. लेकीला वाटलं, स्टूल बदलायला झालंय.

"बाबा, गुडघ्याचं बोला ना. बाहेर माणसं ताटकळलीत."

"सांगतो गं. तर ते मांजर पुढे चाललं होतं. म्हटलं, आपणही जावं मागोमाग."

"मांजराच्या मागे? कशाला?"

"रोज आपल्या पायरीवर बसतं ना ते. त्याला घर ठाऊक असेल. मला आठवेना."

लेकीनं हातातलं पेन खाली ठेवलं. बाबा खाली बघत म्हणाले, "आज आत येताना दारावरची पाटी वाचली. तुझं नाव चुकायला नको म्हणून."

तिनं खुर्ची ओढून त्यांच्याजवळ आणली. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आले होते तिचे. "मांजराचं पहिल्यापासून सांगा बाबा. सावकाश सांगा. मला काही घाई नाही."

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त केलात तर उपकार होतील. पण त्याआधी एवढं ऐका. कुणी बोलता बोलता भलतीकडे निघालं, तर त्याच्यावर खेकसू नका. चार पावलं त्याच्याबरोबर चाला. त्याला एकट्याला परतीची वाट सापडत नसेल.