सावरीची उशी

तुमचा विश्वास बसणार नाही. नसला बसत तर राहू द्या. पण परवा शनिवारी कात्रजच्या उतारावर मी कावळे झिंगून पडताना पाहिले. काटेसावरीच्या फुलांतला रस पिऊन.

सोमवारी चारच्या चहाला, कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, संपतच्या टपरीवर मी हे सांगितलं, तेव्हा दिगंबरपंतांनी वर्तमानपत्र खाली केलं. पंत कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना हसताना गल्लीत अजून कुणी पाहिलेलं नाही.

"शमसूचाचा," ते म्हणाले, "आणि चखण्याला काय होतं?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी जातीचा पिंजारी. ओंजळभर कापूस खोलीभर फुगवून दाखवण्यात आयुष्य गेलं. गोष्टच तेवढी दाबून कशी सांगू?

आणि ही गोष्ट माझ्या सलीमाची होती. एकुलती एक पोर, हुबळीला दिलेली. लहानपणी उशीत तोंड खुपसून विचारायची, अब्बा, उशी कुठं उगवते? मी सांगायचो, झाडाला. आधी त्या झाडाला लाल फुलं येतात, पान एकही नसतं. फुलांची बोंडं होतात आणि बोंडातून तुझी उशी निघते. तिला वाटायचं, अब्बा थापा मारतात. जन्मात एवढी एकच गोष्ट मी खरी सांगितली असेन, नेमकी तीच तिला पटली नाही. झाड दाखवायचं राहून गेलं. सावर फुलते त्याच दिवसांत लग्नसराईच्या गाद्या अंगावर पडतात, त्याला मी काय करणार? मग तिचंच लग्न झालं. त्या गाद्याही मीच भरल्या.

ती शेवटची आली ती तिच्या आईच्या, कमरजहांच्या मातीला. त्यानंतर दरवर्षी थंडी सरली की शेजारच्या किराणावाल्याकडे तिचा फोन येतो. अब्बा, या खेपेला शनिवार-रविवार काढते, फुलं बघायला येतेच. मग मुलांच्या परीक्षा निघतात, नाहीतर सासूचं दुखणं. मागच्या वर्षी मी गल्लीभर सांगून बसलो आणि ती आली नाही, तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. पंतसुद्धा बोलले नव्हते. तेच फार लागलं होतं. या वर्षीही मी गल्लीभर सांगून बसलो होतो. नवीकोरी उशी भरली होती. एकेक सरकी हातानं वेचलेली निव्वळ सावर, पांढऱ्या अभ्र्यात. त्यामुळे सोमवारी टपरीवर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

तेव्हा मी सांगितलं, की सलीमा शनिवारी पहाटेच्या गाडीनं उतरली आणि चहासुद्धा न घेता म्हणाली, चला.

"आम्हाला नाही दिसली," पंत म्हणाले.

मी म्हटलं, पहाटे तुम्ही घोरत होता आणि परतलो तेव्हा दुपारचे घोरत होता. त्यांनी ते मान्य केलं. खरं बोललं की माणसं गप्प होतात.

मग मी झाड उभं केलं. असं फुललेलं, की स्वारगेटहून आलेल्या पीएमटीच्या ड्रायव्हरनं लाल सिग्नल समजून बस थांबवली. हिरवा पडेपर्यंत हलणार नाही म्हणाला. आता सावरीला या दिवसांत हिरवं पान कुठलं? कंडक्टर खाली उतरून फांदी न् फांदी शोधतोय, उतारू खोळंबलेत, मागं पार स्वारगेटपर्यंत गाड्यांची रांग. शेवटी एक पोपट येऊन फांदीवर बसला, त्या हिरव्यावर बस सुटली.

संपत मूळचा कात्रजचा. त्यांच्या रानात आता इमारती झाल्यात. तो गाळणं हलवत म्हणाला, "ते झाड आमच्याच बांधावर हाय चाचा. बिल्डरनं तेवढं एक ठिवलंय. पोपट लई येत्यात तिथं."

म्हणजे तेही पचलं. मला जोर आला. मी सांगितलं, की आम्ही झाडाखाली बसलो. डबा दोघांचा नेला होता. सलीमाचं खाणं चिमणीचं, त्यामुळे तो संपवायला मला रविवार संध्याकाळ झाली. एक फूल वरून धप्पकन तिच्या ओटीत पडलं. तिनं ते उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, अब्बा, तुम्ही खरं सांगत होता.

इथं मी कप खाली ठेवला.

खिशातून मी ते फूल काढून बाकावर ठेवलं. जाड पाकळ्यांचं, कडेनं काळं पडलेलं. पंतांनी ते बोटानं जरा सरळ केलं आणि वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मी थांबायला हवं होतं, पण फुगवायला घेतलेला कापूस मध्येच कोण सोडतो?

मी म्हटलं, दोन रात्री पोर नव्या उशीवर गाढ झोपली. आणि सावरीचा गुण तर तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं डोकं ती विसरत नाही. उन्हात घाला, काठीनं बडवा, त्या डोक्याचा खळगा राहायचाच. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगत आलो आणि एकानंही उशी परत आणली नाही. आता माझ्या घरात सलीमाचा खळगा आहे. ती नसली तरी आहे.

तेवढ्यात मथुराबाई आल्या. माझ्या समोरच्या खोलीत राहतात, भाजी विकतात. मार्केट यार्डातून माल आणून टाकला, की माझे गुडघे जिना चढत नाहीत म्हणून माझं अंथरूण गच्चीत उन्हाला घालतात. आजही घातलं होतं. ती उशी काखेत धरून त्या माझ्या मागं कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे.

त्यांनी उशी माझ्या मांडीवर ठेवली. उन्हानं ऊबदार झाली होती, वजन म्हणून नव्हतं. मधोमध त्यांनी तळवा दाबला, उचलला. उशी हळूहळू वर आली, होती तशी गोल झाली.

"चाचा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमचं मालक जाऊन सहा वर्सं झाली. उशी तुमच्याच हातची. त्यांचा खळगा मी रोज चाचपते, अजून हाय. हिच्यावर कुणी निजलंच नाय."