पिंपातल्या गौरी

सूर्यकांत पोंक्ष्यांनी घोलवड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं चिकूच्या करंड्या मोजल्या, आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये रिटायर झाल्यावर दगड घोटायला घेतले.

जयमालाबाईंना यात आधी काही वावगं वाटलं नाही. रिटायर झालेला माणूस काहीतरी धरतोच. कुणी पत्ते धरतो, कुणी बायकोच्या आमटीत खोट काढत बसतो. त्यामानाने दगड गरीब. पण हे दगड गप्प बसणारे नव्हते. डहाणूरोडच्या त्यांच्या घराला ओट्याच्या टोकाशी पत्र्याची पडवी होती. तिथे पोंक्ष्यांनी तलासरीच्या भंगारवाल्याकडची अर्ध्या घोड्याची मोटर बसवली, दोन रूळ बसवले आणि त्यांवर रंगाचं एक छोटं पिंप आडवं ठेवलं. पिंपाला आतून स्कूटरच्या ट्यूबचं रबर. त्यात दगड, पाणी आणि दगड झिजवायची खरखरीत पावडर घालायची, झाकण आवळायचं आणि बटण दाबायचं. मग ते पिंप रात्रंदिवस घरघरत राहायचं. आठ दिवस जाड पावडर, आठ दिवस बारीक, मग आणखी बारीक, शेवटी पॉलिश. सव्वा महिन्याने आतले गोटे असे चकाकत बाहेर यायचे, की आताच साखरेच्या पाकातून काढले आहेत.

जयमालाबाई हळू बोलणाऱ्या. पहाटेची रामरक्षा, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य, हे सगळं त्यांचं आवाज न करता चालायचं. त्यांचा जप पिंपाच्या तालावर कधी पडायला लागला ते त्यांनाही कळलं नाही. एकशे आठची माळ आता चार मिनिटं आधी संपायची. हे पुण्य आपलं धरायचं की मोटरचं, असा त्यांना मनातून घोर लागला होता.

पोंक्ष्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांचे दगड कुणी बघत नसे. पाहुण्यांच्या हातावर ते मोठ्या मायेने एकेक गोटा ठेवत, हा तलासरीच्या खाणीतला, हा वरोळी नदीच्या पात्रातला, असं सांगत. पार्सल क्लार्कची सवय, बिल्टीशिवाय, म्हणजे कुठून आला त्या पावतीशिवाय, माल नाही. कुठला दगड कुठून आला हे त्यांना तोंडपाठ. पाहुणा म्हणायचा, "वा, गुळगुळीत आहे," आणि बटाटेवड्याकडे वळायचा. मुलगी रश्मी कॉलेजात जाणारी, ती तर मैत्रिणींना पडवीकडे फिरकूच देत नसे.

त्यातच भाद्रपद लागला. जयमालाबाईंनी एका सकाळी विचारलं, सणाचे तीन दिवस पिंप थांबवता येईल का. पोंक्षे म्हणाले, मधे थांबवलं की पावडर तळाला बसते, आणि एकदा लावलेलं झाकण आठ दिवसांच्या आत उघडायचं नाही हा त्यांचा नेम आहे. नेमाचं नाव काढल्यावर जयमालाबाई काय बोलणार? पण मग दोघंही चार दिवस जेवणाच्या पाटावर भाजीपुरतंच बोलली.

पोंक्ष्यांकडे गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून सात खडे वेचून आणायचे, त्याच गौरी. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, मागे वळून बघायचं नाही आणि दारात कुणी पाय धुऊन कुंकू लावीपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. इतकी वर्षं हे सगळं पोंक्षे ड्यूटीवर असताना व्हायचं. संध्याकाळी त्यांच्यासमोर यायचं ते घावन-घाटल्याचं ताट, आणि तेरड्याच्या फुलांत बुडालेलं ताम्हन. फुलांखाली काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मालाच्या चौकशा ऑफिसात बास झाल्या, असं ते म्हणत.

त्या दिवशी जयमालाबाई चिकूच्या वाडीमागच्या ओहोळावरून निघाल्या. एका हातात तेरड्याची जुडी, दुसऱ्या हातात ताम्हन, ताम्हनात सात ओले खडे, गाल पाण्याने फुगलेले. दारात रश्मीने कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं ठरलं होतं. रश्मी नव्हती. ती हळदीची पानं आणायला शेजारच्या रंभाकाकूंकडे गेली होती आणि तिथे रमली होती. जयमालाबाईंनी बांगड्या वाजवून पाहिल्या. पाय आपटून पाहिला. एवढ्यात नाकावर चिलट बसलं आणि शिंक दाटून आली. आता शिंकलं की सगळंच मुसळ केरात. त्यांनी ताम्हन ओट्याच्या कठड्यावर ठेवलं, पदराने नाक चिमटीत धरलं, आणि मागच्या मोरीतून तांब्या आपणच आणावा म्हणून त्या घराला वळसा घालून गेल्या.

तांब्या घेऊन परतल्या तर ताम्हन रिकामं. पडवीत पिंप घरघरत होतं, आणि पोंक्षे चष्मा पुसत उभे होते. चार दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला जयमालाबाईंनी पाहिला नव्हता.

"सात आणलेस," ते म्हणाले. "आणि ओले आणलेस. दगड ओला असतानाच त्याचा रंग कळतो, हे तुझ्या ध्यानात होतं."

जयमालाबाईंनी जोरजोरात मान हलवली. पोंक्ष्यांना वाटलं, ही कौतुक नको म्हणते आहे.

"नाही कसं? पिंप पाऊण भरायला नेमका मूठभर माल कमी पडत होता. झाकण लावणार, तोच कठड्यावर ताम्हन दिसलं." त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "इतक्या दिवसांत माझ्यासाठी कुणी एक खडा उचलून आणला नव्हता गं."

जयमालाबाईंनी तोंडातलं पाणी गिळलं. आता बोलायला काही हरकत नव्हती, पण त्यांनी रिकामं ताम्हन पदराखाली घेतलं.

त्या तशाच रंभाकाकूंकडे गेल्या. काकू पंचाहत्तरीच्या. आळीतल्या बायका गुरुजींना विचारायच्या आधी काकूंना विचारत, आणि पुष्कळदा गुरुजीही. रश्मी तिथे पानं मांडीवर घेऊन बसली होती. सगळं ऐकून ती हसत सुटली, आणि आईचा चेहरा पाहून तितक्याच लवकर थांबली. तिचं म्हणणं, सरळ बाबांना सांगावं आणि पिंप उघडावं, नाहीतर ओहोळावरून दुसरे सात आणावेत. दुसऱ्या साताचं नाव काढताच काकूंनी तिला गप्प केलं. दारात आलेल्या लेकीला डावलून दुसरीला पाटावर बसवतात का कुठे? आणि सांगायचं म्हटलं तर जयमालाबाईंच्या डोळ्यांपुढे तो पुसला जाणारा चष्मा यायचा. अनुराधा नक्षत्र दुपारी तीनपर्यंत होतं, तोवर गौर बसायला हवी होती.

काकूंनी थोडा विचार केला. "गौर म्हणजे माहेरवाशीण. ती कुठल्या खोलीत उतरली हे आपण ठरवत नाही. उतरली तिथे पाट मांड."

"फिरतायत हो त्या, काकू."

"फिरू देत की. सासरी कुठे फिरायला मिळतं?"

अशी त्या वर्षी पोंक्ष्यांची गौर पत्र्याच्या पडवीत बसली. दारापासून पिंपापर्यंत कुंकवाची पावलं उमटली. फिरत्या पिंपाला साडी नेसवता येईना, म्हणून ती मोटरीच्या खोक्याला नेसवली. रुळांच्या चौकटीला तेरड्याची जुडी बांधली. जयमालाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, की यंदा गौर इथे बसेल. पोंक्ष्यांना वाटलं, दसऱ्याला हत्यारं पुजतात तसं बायकोने आपलं यंत्र पुजायला घेतलं. त्यांना इतकं भरून आलं, की रुळांना घालायचं तेल त्यांनी समईत घातलं.

दुसऱ्या दिवशी पूजन. हळदीकुंकवाला आळीतल्या वीस-बावीस बायका आल्या आणि पडवीत दाटीवाटीने बसल्या. जयमालाबाईंनी रीतीप्रमाणे सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि कहाणी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात एका नव्या सुनेने पोंक्ष्यांना विचारलं, काका, हे आत काय वाजतंय? झालं. पोंक्षे उठून उभे राहिले. आधी ऐंशी नंबरची पावडर, मग दोनशेवीसची, त्यातून दगडाचे कोपरे कसे जातात, एक दगड दुसऱ्याला घासून कसा गुळगुळीत होतो, घाई केली तर कसा तडकतो, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. हातात अक्षता असताना मधेच उठायचं नाही हे बायकांना माहीत. त्या मान डोलावत ऐकत राहिल्या. पोंक्षे थांबले तशा सगळ्यांनी हात जोडले आणि अक्षता पिंपावर टाकल्या. जाताना दोघीतिघी म्हणाल्या, फार बोधपर होती हो यंदाची कहाणी.

दुपारी नैवेद्य दाखवायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. पिंप थांबलं. पडवीत एकाएकी एवढी शांतता झाली, की उरलेल्या बायकांनी हात जोडून डोळे मिटले. पाऊण तासाने वीज आली आणि पिंप आपलं आपण फिरू लागलं. "जेवण झालं त्यांचं," रंभाकाकू म्हणाल्या, आणि कुणीही हसलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी जवळच्या चिखले गावात पोचली. तिथून सहासात माणसं फिरती गौर बघायला आली. त्यांत हार्डवेअरवाले ललितभाईही होते. पावडर त्यांच्याच दुकानातली. पोंक्ष्यांना बाजूला घेऊन ते म्हणाले, "पोंक्षेसाहेब, जागृत मशीन आहे, तर पत्र्याचा थोडा मोठा शेड टाकून घ्या ना." पोंक्षे हरखून गेले. दगड बघायला चिखल्याहून माणसं येतात म्हणजे काय? जयमालाबाई मात्र तबक हातात धरून उभ्या होत्या, आणि पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक नमस्कारागणिक त्या एक पाऊल मागे सरकत होत्या. देवाशी खोटेपणा नव्हता, त्याची त्यांना खात्री होती. खोटेपणा नवऱ्याशी चालला होता. आणि उद्या विसर्जन. खडे पाण्यात परत गेले नाहीत तर गौर सासरी पोचणार कशी? आणि ते परत मागायचे, तर नवऱ्यासाठी आणलेच नव्हते हे सांगावं लागणार.

तिसऱ्या दिवशी स्नान आटोपून त्या पडवीत गेल्या. पोंक्षे रुळांना तेल घालत होते. त्या नेहमीपेक्षाही हळू बोलल्या.

"अहो, ते सात खडे मी तुमच्यासाठी आणले नव्हते."

त्यांनी वर पाहिलं. "मग?"

"त्या गौरी होत्या."

पोंक्ष्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग कुंकवाच्या पावलांकडे, मग तेरड्याच्या जुडीकडे. तेलाची डबी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"म्हणजे बायका पाया पडत होत्या..."

"त्यांच्या."

"आणि चिखल्याची माणसं?"

"तीही."

पोंक्ष्यांनी तेलाचे हात फडक्याला पुसले. "एकतीस वर्षांत," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या नावचा माल मी कधी ठेवून घेतला नव्हता." आणि त्यांनी बटण बंद केलं. आठ दिवसांच्या नेमाचा तिसराच दिवस होता.

झाकण निघालं. राखाडी चिखल चाळणीतून गाळला, तर खाली दीडदोनशे राखाडी दगड, एकासारखा एक. जयमालाबाईंचा धीरच खचला. मूळ नक्षत्र दुपारपर्यंतच, आणि यातल्या आपल्या सात कुठल्या? पण पोंक्षे पाट घेऊन बसले. एकेक दगड पाण्यातून काढायचा, अंगठ्याने पुसायचा, उजेडाकडे धरायचा. "तलासरी, खाण. वरोळी, पुलाखाली. बोर्डी, किनारा. वरोळी. कोसबाडच्या टेकडीचा उतार." ओळखलेला दगड उजवीकडे जायचा. ज्याला बिल्टी नाही तो डावीकडे. इतके दिवस ज्याच्यावर घरात सगळे जांभया देत, ते तोंडपाठ प्रकरण आज जयमालाबाई कीर्तनासारखं ऐकत बसल्या. रश्मीसुद्धा उंबऱ्यावर येऊन बसली, आणि एकदोनदा पुढे वाकून बघू लागली.

दीड तासाने डावीकडे खडे झाले आठ.

पोंक्ष्यांनी ते आठही परत पुसले. त्यांतला एक त्यांचा होता, पण कुठला? एक तपकिरी खडा उजेडाकडे धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले. आत मधासारखी एक रेघ होती. "हा अकीक दिसतोय, अंगठीत बसवतात तो," ते पुटपुटले. "माझा असला तर असा दुसरा माझ्याकडे नाही. पण माझा आहे असं छातीठोक सांगता येत नाही." मग त्यांनी तो ताम्हनात ठेवला. "आठही ने."

"सात असतात, बाबा," रश्मी म्हणाली.

"माहेरवाशिणीला पोचवायला सोबत कुणी गेलं तर बिघडलं कुठे?" जयमालाबाई म्हणाल्या.

हळदकुंकू, दहीभात, आरती झाली. ओहोळावर दोघंच गेली. मूळ नक्षत्र संपायला पाव तास होता. जयमालाबाईंनी एकेक खडा पाण्यात सोडला. तपकिरी खड्याची पाळी आली तेव्हा पोंक्ष्यांनी ओहोळापलीकडच्या चिकूच्या झाडांकडे तोंड केलं. तीन दिवस घासून निघालेल्या गौरी तळाशी चांगल्या उठून दिसत होत्या. पाठवणीला इतक्या नटलेल्या त्या कधी गेल्या नसतील.

रीतीप्रमाणे घरात टाकायला चिमूटभर वाळू घ्यायला जयमालाबाई वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. पाण्यात हात फिरवून, हा नको, तो नको करत त्यांनी एक खडा उचलला. लालभडक, चपटा, पेढ्याएवढा. तो पदराला न पुसता ओलाच त्यांनी नवऱ्यापुढे धरला.

"हा तुमच्यासाठी."

पोंक्ष्यांनी तो उलटसुलट केला. नखाने खरवडला. नखात लाल भुकटी आली.

"हे कौल आहे," ते म्हणाले. "मंगलोरी. कुणाच्या तरी छपराचा तुकडा."

"अगंबाई. टाका मग."

"पिंपात घातलं तर दोन दिवसांत याचा चिखल होईल," असं म्हणत त्यांनी तो तसाच ओला, पांढऱ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला.