सारोंगाखालचा भाव

पायाकुंबूहच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात, वर लुंगीसारखा सारोंग टाकतात आणि आत बोटं बोलतात. माझा बाप जन्मभर असेच बैल विकत आला. केवढ्याला ते शेजारच्या माणसाला कधी कळलं नाही. त्या रविवारी मी त्याच बाजारात रोसचा कॅमेरा घेऊन गेले.

रोस माझी थोरली लेक. पाडांगच्या इस्पितळात पडून होती, पायाच्या जखमेचं विष रक्तात गेलेलं. सकाळी धाकटीचा फोन आला. इंजेक्शन इथं मिळत नाही, बाहेरून विकत आणा म्हणतात, आज संध्याकाळच्या आत. नऊ लाख रुपिया. बांगड्या, अंगठी, शिलाई मशीन आधीच गेलं होतं. उरला हा चपटा रुपेरी कॅमेरा. रोस त्यानं गावातल्या लग्नांचे फोटो काढायची. हल्ली शहरातल्या पोरींना फोन सोडून असलेच जुने कॅमेरे हवे असतात, त्यात चेहरे धुरकट येतात म्हणे. येऊ देत.

गावात मी सांगून ठेवलं होतं की रोस पाडांगला लग्नाला गेली आहे. घराण्यातली सगळ्यात मोठी बाई मी. लोक माझ्या दारी तांदूळ मागायला येतात, मी कोणाच्या दारी जाऊ?

एर्ना इथल्याच एका गुरांच्या दलालाची मुलगी. आता दावणीशेजारी टेबल मांडून जुने फोन नि कॅमेरे विकते.

"एतेक, आज इकडे कुठं?" तिनं विचारलं. मला सगळा बाजार एतेकच म्हणतो, मावशी.

"घर आवरत होते. अडगळ निघाली."

तिनं बटण दाबलं. भिंग गुरगुरत बाहेर आलं. तिनं मोबाइलचा उजेड आत पाडला आणि एक डोळा मिटला. "बुरशी धरलीय. कोळ्याच्या जाळ्यासारखी. कुठं ठेवला होता?"

"कपाटात. पिशवीवर पिशवी घालून, गाठ मारून."

"जीव लावलात तिथंच घात झाला. हा काय पातेल्यातला रेंदांग आहे झाकून ठेवायला? याला वारा लागतो."

"तुझ्या बापानं लंगडे बैल विकले, आणि तू मला बुरशी दाखवतेस."

शेजारच्या बाकावर मालियास कॉफी पीत बसली होती. माझी चुलत बहीण, चार दारं सोडून राहते. तिच्या कानावर पडलं म्हणजे गावभर झालं. मी खांद्यावरचा सारोंग काढला. "बापांच्या रीतीनं करू."

"कॅमेऱ्यासाठी?" एर्ना हसली, पण हात पुढे केला.

एक बोट, एक लाख. मी तिची पाच बोटं धरली, मग चार. तिनं माझी चार धरली.

"मला घाई नाही," मी तोंडानं म्हणत होते. "बुकिटिंगीत दुकानांना तोटा नाही." आत मी पुन्हा पाच आणि चार. ती पाच. मी हलले नाही. ती पाच आणि एक.

तेवढ्यात तिचा अंगठा माझ्या अनामिकेवर गेला. जिथं अंगठी असायची तिथल्या खळग्यावर थांबला. मग मनगटावर गेला. तिथंही काही नव्हतं. ती माझ्याकडे बघेना, कॅमेऱ्याकडेच बघत राहिली.

मला हात ओढून घ्यायचा होता. नाही घेतला. आकडे संपले होते, मी नुसता तिचा पंजा आवळून धरला. तोंड आपलं चालूच. "आता कळलं तुझा नवरा मलेशियाला का पळाला."

एर्नानं पुन्हा पाच आणि एक धरले, हलकेच. मग आपला रिकामा तळवा माझ्या तळव्यावर टेकला. तेवढेच होते तिच्याकडे.

मी सारोंग ओढून काढला.

"नऊ हवेत," मी मोठ्यानं म्हणाले. "नऊ लाख. रोस इस्पितळात आहे. संध्याकाळपर्यंत इंजेक्शन नाही मिळालं तर जाईल ती."

त्या बाजारात आकडा असा उघड्यावर कोणी ऐकला नव्हता. एका म्हाताऱ्यानं मान फिरवली, मी डोक्यावरचं वस्त्र काढून उभी राहिल्यागत.

मालियासनं कप खाली ठेवला. "लग्नाला गेली होती ना?"

"खोटं सांगितलं."

"पोरीला मांडीवर झोपवलंय मी. आणि मला हे बाजारात कळतंय." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि एर्नानं टेबलावर काढलेल्या सहा लाखांवर आपले तीन ठेवले, सगळ्यांसमोर.

"परत करीन."

"करशीलच. तुझी मान खाली गेलेली बघितली, व्याज आत्ताच मिळालं. नीघ, गाडी पकड."

गाडी मिळाली. पाडांगच्या वाटेवर लेंबाह आनाईच्या धबधब्यापाशी दरड आली होती, एकाच बाजूनं वाट, आणि पुढे नजर पोचेपर्यंत गाड्या. ऊन डोंगरामागे चाललं होतं. चालकानं इंजिन बंद करून सिगारेट पेटवली. एरवी मी त्याची सात पिढ्यांपर्यंत खबर घेतली असती.

"दादा," मी म्हणाले, "कुठूनही काढा. माझी लेक आहे."

त्यानं आरशातून बघितलं, सिगारेट विझवली आणि पुढच्या गाड्यांना हात करत खाली उतरला. मीही उतरले. एका मुठीत पैसे, दुसऱ्या हातानं एकेका गाडीची काच वाजवत, माझी लेक आहे, वाट द्या, माझी लेक आहे, म्हणत पुढे चालत राहिले.