सारजाबाईचा दोष

सारजाबाई औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात आया होती. लासूर स्टेशनच्या तिच्या नवऱ्यानं, सांडूनं, तिला बारा वर्षांपूर्वी वांझ म्हणून माहेरी धाडलं आणि आवडाशी दुसरं लग्न केलं. आवडालाही मूल झालं नाही.

एका सकाळी धाकटा दीर पुंजाराम आपल्या सात वर्षांच्या मुलाला, बन्सीला घेऊन वॉर्डाच्या दारात उभा राहिला. शहरात त्याच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं.

"वहिनी, पोराच्या अंडाची एक गोळी पिशवीत उतरलीच नाय. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली."

तिनं केसपेपर काढून दिला. डॉक्टरांनी बन्सीला आडवं करून जांघ चाचपली. दोऱ्यात ओवलेले लहानमोठे मणी शेजारी धरून दोन्हीकडचं माप ताडून पाहिलं.

"वर राहून खुरटलीय. एक-दीड वर्षाचा असतानाच आणायला हवा होता. ऑपरेशन करून खाली आणू, पण वाढेल किती ते सांगता येत नाही. दुसरी चांगली आहे. घरात आणखी कुणाला होतं असं?"

पुंजारामनं मान खाली घातली. "थोरल्या भावाला. दोन्हीकडं. आईला ठावं होतं."

"मग मूल होणं अवघडच," लिहितालिहिता डॉक्टर म्हणाले.

सारजाबाई बन्सीचा सदरा हातात धरून तिथंच उभी होती.

व्हरांड्यात आल्यावर तिनं विचारलं, "तुमालाबी ठावं होतं, भावजी?"

"मागनं कळलं. आईनं शपथ घातली, वहिनी."

"उपास तिनंच धरायला लावले मला. अंगारेबी तिनंच चारले."

तो पाया पडायला वाकला, तशी ती मागं सरली. "राहू द्या. पोराला भूक लागलीय."

ऑपरेशन झालं. टाके निघेपर्यंत बन्सीचं सगळं तिनं केलं. वर्षानं तो पुन्हा तपासणीला आला. चांगली बाजू थोडी वाढली होती, खाली आणलेली होती तेवढीच राहिली होती.

"आवडाला सांगितलं का?" सारजाबाईनं पुंजारामला विचारलं.

"नाय."

"ती अजून उपास धरत असंल."

रजेच्या दिवशी ती स्वतःच लासूरला गेली. आवडा ओढ्यावर धुणं धूत होती. सारजाबाईनं शेजारी बसून सगळं सांगितलं. आवडाचा हात थांबला नाही.

"दोन वर्सांखाली ह्यांनीच सांगितलं मला, रडतरडत. बोलून कुठं जाऊ, बाई? तुमच्यागत मला माहेर नाय."

सारजाबाईनं पिळायला लुगड्याचं दुसरं टोक धरलं.