दर्शनी भाग

बोईसरच्या त्या कामगार वसाहतीत नळाला कधीपासून चहासारखं लाल पाणी येत होतं. अर्चनाच्या लेकीच्या अंगावर पुरळ उठलं होतं. म्हणून तर वसाहतीची तक्रारींची साइट फुकटात उभी करून द्यायला ती तयार झाली. नाहीतर अध्यक्ष झुंबररावांच्या वाटेला जाणारी बाई ती नव्हे. तक्रारी आल्या की टँकर मागवायचा, असं सभेत ठरलं होतं.

काम तसं सोपं. सर्व्हर म्हणजे गेटवरचा वॉचमन. फोटो मागणाऱ्याला फोटोंच्या फोल्डरकडे धाडायचं, बाकी सगळ्यांना तक्रार लिहून घेणाऱ्या अ‍ॅपकडे. अर्चनाने तसंच लावलं.

पण झुंबररावांचं नाक वर! "आमच्या सत्काराचे फोटो मागच्या दाराने? छे! दर्शनी भागात पाहिजेत."

घ्या! मग तिने वॉचमनला बजावलं: कोणीही येवो, आधी फोटोंच्या फोल्डरात बघ, तिथे नाही सापडलं तरच अ‍ॅपकडे सोड. तेही चाललं. पण साहेबांनी एकदा साइटचा पत्ता चुकीचा टाइप केला आणि समोर 'सापडले नाही' अशी पाटी आली. झालं, साहेब भडकले.

"आपल्या संस्थेला 'नाही' हा शब्द शोभत नाही. जे सापडणार नाही तिथे माझा हात जोडलेला फोटो आणि 'धन्यवाद' टाका."

इकडे कुकर शिट्ट्या देतोय, तिकडे पोरगी अंग खाजवत रडतेय. अशा घाईत अर्चनाने वॉचमनच्या सूचनांत ती ओळ टाकली, आणि नको तिथे टाकली: अ‍ॅपच्या आधी.

साइट सुरू झाली आणि काय सांगावं, तक्रार एकही नाही! झुंबरराव असे फुगले की विचारू नका. 'तक्रारमुक्त वसाहत' असा फलक छापायला गेला. मग टँकर हवाय कशाला? अर्चना चरफडली. शेजारच्या जयवंतीवरच तिने राग काढला, "नळावर भांडता, मग लिहायला काय होतं गं तुम्हाला?"

"लिवलं नाय कसं? आमी सगल्यांनी लिवलंय," जयवंती म्हणाली. "तो तुजा सायब हात जोडतो न् धन्यवाद बोलतो. आमाला वाटलं, ऐकलं त्यानं."

अर्चनाने साइट उघडून पाहिली आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. वॉचमन प्रत्येक तक्रार फोटोंमध्ये शोधत होता. तिथे ती कुठली सापडायला? की लगेच धन्यवाद. अ‍ॅपपर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं. तिने ती ओळ अ‍ॅपच्या मागे ढकलली आणि जयवंतीला सगळ्यांकडून पुन्हा लिहून घ्यायला पिटाळलं.

संध्याकाळी झुंबररावांचा फोन. "अर्चनाताई, साइट बिघडली! तक्रारी येताहेत!"

"बिघडली होती साहेब. आज सुरू झाली."

"ते मला सांगू नका. फलक छापून आलाय. साइट पूर्ववत करा, आत्ताच्या आत्ता."

"करते की. पहिली तक्रार तेवढी वाचून दाखवते, मग पुसते. 'नळाला लाल पाणी येते. घरात सांगून सांगून जीभ झिजली, पण आमचे हे पेपरातून डोके वर काढत नाहीत. तरी अध्यक्षांना कळवावे. रत्नाबाई झुंबरराव...'"

तेवढ्यात पलीकडे मागून बाईचा आवाज आला, "कोणाचा हो फोन?"

"अं? टँकरवाल्याचा," झुंबरराव म्हणाले.