विसराळू डेला

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये केकचा लिलाव होता, म्हणून गुरुवारी व्हर्नेल मैदा चाळत बसली होती. लिलावाचा पैसा तिच्या धाकट्या भावाच्या, आमदार ड्वेनच्या, प्रचारनिधीत जायचा. एकोणीस वर्षं त्या निधीची खजिनदार तीच. सहीला घरातलीच बाई बरी, अशी अमेरिकेतल्या ओझार्कच्या त्या डोंगरांत रीतच होती.

ड्वेन आला, टोपीसकट खुर्चीत बसला आणि सोललेल्या पीचची फोड तोंडात टाकली.

"ताई, एक सही हवीय."

तिने मैद्याच्या हातानेच कागद घेतला. ड्वेनने निधीच्या कार्डावर स्वतःच्या बोटीला इंजिन घेतलं होतं आणि प्रचाराच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या नीतिमत्ता आयोगाने त्याला दंड ठोकला होता. नियम तिला पाठ होता. आमदाराच्या चुकीचा दंड आमदाराच्या खिशातून. खजिनदाराची नजरचूक असेल, तरच निधीतून. आणि कागदावर छापलं होतं, 'हा खर्च माझ्या विसरभोळेपणामुळे झाला.'

"म्हणजे ओपलबाईंनी अंडी विकून दिलेले पैसे तुझ्या दंडात?"

"अगं, मलाच दिलेत ना ते?"

"निवडणुकीला दिलेत."

"झालं प्रवचन सुरू! पाद्रीच व्हायचं होतंस तू. बाबा आमदार होते तेव्हा आईने नाही का त्यांच्यासाठी अशाच कागदावर सही केली? दोनदा! चकार शब्द काढला नाही."

चाळणी थांबली.

आई. गावभर 'विसराळू डेला'. दुकानदार तिला सुटे पैसे दोनदा मोजून दाखवायचा. चर्चमधल्या बायकांनी तिच्याकडून वर्गणीचा डबा काढून घेतला. व्हर्नेलही हसायची की! आणि त्याच आईला गावातल्या पोरापोराचा वाढदिवस पाठ होता. कुणाला अक्रोड चालत नाही, तेसुद्धा.

व्हर्नेलला राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. बोटांवर मैदा वाळत होता, तेवढं कळत होतं.

"ताई, तुला थोडीच निवडणूक लढवायचीय? तुला काय फरक पडतो?"

तिने पेन घेतलं, छापलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'मी काहीही विसरले नाही. कार्ड ड्वेनने वापरलं. माझी आई डेला हीसुद्धा कधी काही विसरली नव्हती.' सही केली. पाकिटावर आयोगाचा पत्ता घातला.

"वेड लागलंय तुला! शनिवारी तुझ्या केकवर कुत्रंसुद्धा बोली लावणार नाही."

"नको लावू दे."

आणि नाहीच लावली कुणी. हॉल रिकामा होत आला तरी तिचा केक टेबलावर तसाच. व्हर्नेल तो झाकायला लागली, तेवढ्यात म्हाताऱ्या ओपलबाई काठी टेकत आल्या.

"माझ्या थोरल्याचा वाढदिवस दरवर्षी डेलाच मला फोन करून सांगायची गं," त्या हळूच म्हणाल्या. "मीच विसरायचे."

तुमच्याही घरात अशी कुणी विसराळू असेल. तिने आजवर कशाकशावर सही केलीय, ते एकदा विचारा तिला. तिला आठवत असेल.